सगळ्यांएवढंच

लग्नाचं शूटिंग केलेल्या माणसाला दुनियेत कुणाला घाबरायचं कारण नसतं. डायरेक्टरला नाही, अरब मालकाला म्हणजे कफीलला नाही. जे काही घाबरायचं असतं ते तो नवरीच्या फुप्फीला, म्हणजे आत्याला, घाबरून मोकळा झालेला असतो.

आमच्या म्हसळ्याकडे मी मिसरूड फुटायच्या आधीपासून कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवांत फिरलोय. निकाह लागतो, जमात जेवून उठते, नवरी सासरी जाते, तोवर सगळं गोड. खरी लढाई नंतर सुरू होते, कॅसेट घरी पोचल्यावर. बायका टीव्हीसमोर फतकल मारून बसणार आणि कुणाला किती दाखवलं त्यावरून भांडणार. "नवऱ्याच्या मामीवर एवढा वेळ कॅमेरा! आम्ही काय भांडी घासायला आलेलो?" एका फुप्फीने मला भर मच्छीबाजारात धरलं होतं. तिचा अर्धा चेहरा मांडवाच्या खांबामागे गेला होता. "मुद्दाम केलंस! त्यांनी सांगितलं असेल तुला!" हातात तिच्या आख्खी सुरमई. मारते की काय असं वाटलं मला. त्या खांबापायी दोन घरांचं येणंजाणं बंद झालं होतं, शप्पथ.

तेव्हापासून कानाला खडा. रांगेवरून कॅमेरा फिरवायचा तर पंगतीत भात वाढल्यासारखा. सगळ्यांना सारखा. ज्याचा मांडव त्याला डावभर जास्त नाही आणि कोपऱ्यात बसलेल्या गरीब मावशीला कमी नाही. आणि नवरी रडायला लागली की तिच्यावर थांबायचं नाही. रडणाऱ्या पोरीवर कॅमेरा लावून उभा राहतो तो कॅमेरावाला नव्हे, गिधाड. तिच्याबरोबर तिची मा, बहिणी, शेजारणी, सगळ्या दिसल्या पाहिजेत. आमच्याकडे म्हातारे सांगायचे, "अरे कादिर, जमात दाखव, जमात!"

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण लोक मला विचारतात, कादिर, त्या दिवशी तुझं डोकं फिरलं होतं का? नव्हतं फिरलं. जागेवर होतं.

आता मी जेद्दाला असतो. बायको हलिमा, मुलगी अरवा. एका कंपनीत कॅमेरा चालवतो, खेळांच्या मॅचेस. इथे बायकांचा फुटबॉल सुरू झाला तेव्हा आमच्या कंपनीचे दिवसच पालटले. मी आलो तेव्हा बायका स्टेडियमात बसायच्याही नाहीत, आणि आता गोल झाला की अबायातल्या पोरी अशा किंचाळतात की हेडफोनमधून काही ऐकू येत नाही. मॅचच्या आधी दोन्ही संघ रांगेत उभे राहतात, राष्ट्रगीत वाजतं, आणि एक कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत जातो. तो कॅमेरा माझा. माझा हात हलत नाही म्हणून माझा, असं कंपनी म्हणते. हात का हलत नाही ते त्या फुप्फीला विचारा.

तर मागच्या हिवाळ्यात आपल्या मुलींचा संघ इथे स्पर्धेला आला. त्यात नंबर नऊ, निदा. बोर्लीची. म्हणजे आमच्या म्हसळ्याहून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळची. तिची दादी माझ्या आईच्या ओळखीची, आणि कोकणात एवढं नातं म्हणजे सख्खंच. हलिमाने लगेच फर्मान काढलं, पोरींना घरी जेवायला आणा, हॉटेलचं खाऊन त्यांची तोंडं सुकली असतील. संघाच्या मॅनेजरबाईंनी चौघींना सोडलं. मॅचच्या आदल्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर, पोरी आमच्या घरी.

हलिमाने सांदण केलेली, तांदळाच्या रोट्या, सुरमईचं कालवण. पोरी तुटून पडल्या. कॅप्टन सानिका कोल्हापूरची, तिखट खाऊन नाकडोळे गळताहेत तरी "अजून वाढा काकी" म्हणतेय. आमची अरवा निदाला चिकटून बसलेली आणि इंग्लिशमधून प्रश्नांवर प्रश्न. मी म्हटलं, "अगं बाय, तिला घास तरी गिळू दे." तर म्हणे, "बाबा, यू डोन्ट अंडरस्टँड."

अरवा शाळेच्या संघात गोलकीपर आहे. म्हणून मी सहज विचारलं, "ती तुमची गोलकीपर नाही आली? चारुता? आमची ही तिच्यासारखी वेणी घालते."

चौघींचे हात ताटातच थांबले.

सानिकाने आधी अरवाकडे पाहिलं. हलिमाला कळलं, तिने अरवाला शेजारी दही आणायला पाठवलं. दही घरात होतं. मग सानिका बोलली. सराव शिबिरात फुटबॉल संघटनेचा एक मोठा अधिकारी होता. मुलींच्या खोल्यांच्या दारावर अवेळी थाप मारायचा, फोनवर नको ते लिहायचा. चारुताने तक्रार केली. अधिकारी जागेवर राहिला आणि चारुताला बेशिस्त म्हणून संघातून काढलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हटलं.

"सगळ्यांना सांगून झालं, काका. जिथे जाता येतं तिथे सगळीकडे. कुणी ऐकत नाही. आता एकच वेळ अशी आहे की आमच्याकडे सगळे बघत असतात आणि आम्हाला कुणी गप्प करू शकत नाही."

"कुठली वेळ?"

"राष्ट्रगीताची."

त्यांचं ठरलं होतं. ताठ उभं राहायचं, मान वर. कसलाही अपमान करायचा नाही. फक्त गायचं नाही. आणि प्रत्येकीच्या डाव्या हातात गोलकीपरचा एक ग्लोव्ह. चारुतासाठी.

मला घाम फुटला. पण माझ्याआधी हलिमा फुटली. "करा बायांनो, तुमचं काळीज मोठं आहे. पण ए निदा, तू नाही हं. तू गायचं. सगळ्यात मोठ्याने गायचं."

"का, चाची?"

"का म्हणून विचारतेस? दूधपिती आहेस? सानिका गप्प राहिली तर लोक विचारतील, हिला काय झालं. तू गप्प राहिलीस तर विचारतील, ही कुणाची. हात दाखवून अवलक्षण कशाला? दादीचा विचार कर. गावात म्हातारी एकटी राहते."

जे सगळ्यांना माहीत होतं ते माझ्या बायकोने कालवणाच्या पातेल्याशेजारी मांडून ठेवलं होतं. सानिकाचे डोळे आता तिखटाने भरलेले नव्हते. ती म्हणाली, "आम्ही पण तिला हेच सांगतोय, काकी. आमच्यातली एकही तुला वाईट म्हणणार नाही, निदा. तू गा."

निदा बारीक अंगाची, बोलायची हळू. मैदानावर बघाल तर वाघीण, पण घरात हलिमाच्या ओढणीआड मावेल एवढी. ती म्हणाली, "चारुता माझ्या खोलीत होती. थाप पडली तेव्हा दार आतून मी दाबून धरलं होतं. खांदा दुखेपर्यंत. आता बाकीच्यांनी गप्प राहायचं आणि मीच तेवढं गायचं? म्हणजे गप्प बसायला पण मला परवानगी लागते?"

हलिमाने वाढायला उचललेला डाव तसाच परत पातेल्यात ठेवला. असं फार वेळा होत नाही.

"आणि मला आवडतं ते गायला," निदा म्हणाली. "पहिल्यांदा गायले तेव्हा रडले होते. आमच्या शाळेत रोज व्हायचं, पण ती जर्सी घालून गायचं म्हणजे... तुम्हाला काय वाटतं, मला सोपं आहे का हे?"

मला त्या पोरीची अशी माया आली म्हणून सांगू. आणि रागही आला. कुणाचा ते कळेना, पण आला. मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, "हे बघ बेटा, रांगेवरचा कॅमेरा माझा आहे. मैदानात उतरायची परवानगी फक्त मलाच, बाकीचे सगळे लांबून. तुझ्यापाशी आलो की मी झटकन पुढे सरकेन. कुणाच्या डोळ्यात पण येणार नाहीस. आहे काय नि नाही काय."

मला वाटलं, पोर हात जोडेल. तिने मान हलवली. "नको चाचा. मला लपवलंत तर मी तिथे नव्हतेच असं होईल."

"मग काय करू? तुलाच दाखवत बसू?"

"सगळ्यांएवढंच दाखवा. जास्त नको, कमी नको. जमेल?"

या अल्ला! अर्धं आयुष्य मी जे करत आलो ते ही मला जमेल का विचारते! मी म्हटलं, "ते तेवढं एकच येतं मला."

अरवा दही घेऊन आली. मग निघाला नवा घोळ. ग्लोव्हज पुरेसे नव्हते. दोन गोलकीपर, त्यांचे दोनतीन जोड, आणि हात अकरा. हलिमा तरातरा उठली, अबाया चढवली आणि म्हणाली, "बसलात काय? चला. जुन्या बाजारात, बलदमध्ये, खेळाच्या सामानाची दुकानं आहेत. मगरिबच्या नमाजला बंद होतील." माझ्या बायकोचं हे असंच. आधी फटका, मग हळद. मी म्हटलं, "आत्ता तर ओरडत होतीस." तर म्हणते, "ओरडले म्हणजे काय पोरींना उघड्या हातांनी उभी करू?" दुकानात मोठ्या मापाचे मिळेनात, मग शाळकरी पोरांचे घेतले. कुणाच्या बोटांना आखूड, कुणाला घट्ट. रंगही एक नाही. येताना गाडीत चौघी ते घालून एकमेकींना टाळ्या देत होत्या आणि हसत होत्या. खेळाडू असल्या तरी पोरीच त्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेडियमवर आपली माणसं लोटली होती. रत्नागिरी-रायगडवाले, केरळवाले, दवाखान्यातल्या नर्सबायका, इंडियन स्कूलची पोरं. हलिमा आणि अरवा झेंडा घेऊन अगदी पुढच्या रांगेत. मी कॅमेरा गळ्यात-खांद्यावर चढवून रेषेपाशी उभा. कानात हेडफोन, त्यातून डायरेक्टर बोलतो. डायरेक्टर म्हणजे आर्यन, ठाण्याचा मुलगा, बाहेर गाडीत स्क्रीनसमोर बसतो आणि तिथून मॅच थेट मुंबईच्या चॅनेलला जाते. हुशार आहे. माझ्याशी नेहमी मराठीत बोलतो आणि हलिमाने दिलेल्या डब्यातले घावन चाटूनपुसून खातो.

"कादिरभाई, ऐकताय?"

"बोल."

"आज मुली गाणार नाहीयेत. मुंबईला चॅनेलमध्ये बातमी पोचलीय. तिकडून फोनवर आहेत. तुम्ही नऊ नंबरवर जा आणि तिथेच थांबा. टाइट. फक्त चेहरा."

"आणि बाकीच्या दहा?"

"बाकीच्या नंतर बघू."

"नऊच का रे?"

त्याने आवाज खाली घेतला. मग म्हणाला, "तुम्हाला माहितीये का ते."

"मला माहितीये. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"कादिरभाई, प्लीज. माझ्या हातात नाहीये. मला पण वरून ऑर्डर आहे. नाही ऐकलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुमचं तर... तुम्हाला काय सांगायचं."

खरं बोलत होता तो. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या नावावर, अरवाची शाळा इकाम्यावर, आमचं घर, गाडी, सगळं त्या एका कार्डावर उभं. कफीलने खलास म्हटलं की खलास. मोठ्या फुशारकीने सुरुवात केली ना मी, कुणाला घाबरत नाही म्हणून? घाबरलो होतो. समोर झेंडा हलवणारी माझी पोर दिसत होती आणि मनात येत होतं, कादिर, निदाचा रंगीत ग्लोव्ह तुला काय देणार आहे? थांब की नऊवर. तू थांबला नाहीस तर दुसरा थांबेल.

पण दुसरा तिथे नव्हता ना. मैदानात मीच होतो.

समोरच्या संघाचं राष्ट्रगीत झालं. त्यांच्या मुलींवरून मी फिरवला कॅमेरा, एकेकीवर सारखा. त्या खणखणीत गायल्या. मग आपलं सुरू झालं.

स्टेडियममधली आपली सगळी माणसं उभी राहिली, आणि काय आवाज लागला सांगू! परदेशात राष्ट्रगीत ऐकलंय का तुम्ही कधी? गावात आपण गातो तेव्हा अर्धं लक्ष कपाळावरच्या माशीकडे असतं. इथे माणूस बेंबीच्या देठापासून गातो. आणि त्या आवाजाच्या मधोमध आपल्या अकरा पोरी, ताठ, मान वर, ओठ मिटलेले. डाव्या हातांत ते शाळकरी ग्लोव्हज. हिरवा, पिवळा, निळा.

मी सानिकापासून सुरुवात केली. जबडा असा घट्ट की शीर दिसत होती. पुढची. मग पुढची. एकीने डोळे मिटले होते. कानात आर्यन, "नऊवर जा. कादिरभाई, सरळ नऊवर जा." मी रांग मोडली नाही. पंगतीत मधली ताटं सोडून कुणी पुढे जातो का?

मग निदा आली.

खरं सांगतो, तिच्यासारखा चेहरा त्या रांगेत दुसरा नव्हता. ती ओठांनी गात नव्हती, पण गळ्यात शब्द हलत होते. प्रत्येक ओळ तिथे येत होती आणि ती तिला आत परत ढकलत होती. दार दाबून धरल्यासारखी. डोळ्यांतून धार लागलेली आणि ती पुसायला हात उचलत नव्हती, कारण राष्ट्रगीताला हलायचं नसतं. कॅमेरावाल्याचा हात अशा चेहऱ्यावर आपोआप थांबतो. माझाही थांबत होता. "होल्ड! होल्ड! मस्त आहे, तिथेच राहा!" आर्यन ओरडला.

रडणाऱ्या पोरीवर कॅमेरा लावून उभा राहतो तो कोण, ते मी वर सांगितलंय.

मी पुढे सरकलो. दहावी. अकरावी. "अरे काय करताय! मागे या! नऊवर या!" मी मागे आलो, पण पायांनी. एकेक पाऊल मागे सरकत गेलो, कॅमेरा पसरत गेला आणि अकराच्या अकरा त्यात मावल्या. अकरा चेहरे, अकरा ग्लोव्हज, खाली सारखे मोजे. "टाइट! कादिरभाई, टाइट करा!" मी बोट झूमच्या बटणावरून काढून घेतलं. राष्ट्रगीत संपेपर्यंत मी तिथेच होतो, आणि माझा हात अजिबात हलला नाही. जमात दाखवली मी, जमात.

संपल्यावर टाळ्या पडल्या, थोड्या शिट्ट्या, कुणीतरी वरून घाणेरडं ओरडलं. हलिमा कमरेवर हात ठेवून वळून त्याला शोधत होती. मला नंतर म्हणाली, "पोरींनी गायलं नाही तर कुठे आभाळ कोसळलं? त्यांच्या वाटचं मी गायले." खरंच गायली असणार. तिचा घसा दोन दिवस बसला होता.

मॅच आपण हरलो. निदाचा एक फटका खांबाला लागला. माझ्या नशिबात खांबच लिहिलेत.

मॅच संपल्यावर आर्यन गाडीतून उतरून आला. मला वाटलं आता शिव्या देतो. तो शेजारी येऊन केबल गुंडाळायला लागला, डायरेक्टर असून. म्हणाला, "बाकीचे कॅमेरे लांब. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतंच. तुमचंच गेलं." मग म्हणाला, "सुटलो मी पण, कादिरभाई." आणि तो खाली मान घालून केबल गुंडाळत राहिला.

तो शॉट सगळीकडे गेला. मोबाइलवर, चॅनेलवर, पेपरात फोटो. पोरींना शिव्या पडल्या, आणि निदाला जास्तच पडल्या, खोटं कशाला सांगू. आमच्या लोकांचा तेवढा मान ठरलेलाच आहे. पण तिला एकटीला धरून बडवावं तर त्यांच्या हाती चित्र नव्हतं. जे चित्र होतं त्यात सानिका होती, आणखी नऊजणी होत्या, आणि पेपरवाल्यांना नावं द्यायची तर सगळ्यांचीच द्यावी लागत होती. मग कुणीतरी विचारलं, हे ग्लोव्ह कसले? आणि तिथून चारुताचं नाव निघालं. तो अधिकारी अजून घरी गेलेला नाही, चौकशी चालू आहे म्हणतात. चौकशी म्हणजे काय ते तुम्हाला-मला ठाऊक. पण आता चारुताला लोक फोन करतात आणि ती बोलते.

माझं म्हणाल तर कफीलने, हम्मादने, बोलावून घेतलं. भला माणूस. चहा पाजला आणि विचारलं, का ऐकलं नाहीस? मी मोडक्यातोडक्या अरबीत त्याला आमच्याकडची लग्नं सांगितली, ती फुप्फी सांगितली, सुरमई सांगितली. तो हसून हसून खुर्चीत मागे पडला. मग गंभीर होऊन म्हणाला, "कादिर, तू बरोबर असशील. पण चॅनेलला तू नकोयस." इकामा ठेवला त्याने, हेच मोठं. मला पाठवलं पार दुसऱ्या किनाऱ्यावर, रास तनुराला. तिथे कामगारांसाठी सुरक्षिततेच्या फिल्मा बनवायच्या. आता मी हेल्मेटं शूट करतो. एका रांगेत पिवळी हेल्मेटं, सगळ्यांवर सारखा वेळ. हलिमा आणि अरवा जेद्दालाच, शाळेसाठी. महिन्या-दोन महिन्यांनी भेट. मला त्यांची इतकी आठवण येते की डबा उघडला तरी जीव कासावीस होतो. हे मी हलिमाला सांगत नाही, ती मला सांगत नाही, आणि दोघांनाही माहीत आहे.

आणि पस्तावतो का? काही दुपारी पस्तावतो. ऊन असतं, हेल्मेटं असतात, वाटतं, काय मिळालं?

अशाच एका दुपारी गावाहून फोन आला. निदाची दादी. मी सलाम केला, आणि मनात आलं, म्हातारीच्या दारावर कुणी आलं असेल, काही बोललं असेल, माझ्यामुळे म्हणून ऐकावं लागणार.

"काय रे कादिर," ती कडाडली, "मेल्या, माझी नात एवढीशीच दाखवलीस? ती कोल्हापूरची पोर केवढी दिसते! ती डोळे मिटलेली दिसते! आणि आपली म्हणून तुला तिच्यावर जरा थांबता आलं नाही?"

हसू की रडू? मांडवातली फुप्फी परत माझ्यासमोर उभी. म्हटलं, "दादी, सगळ्यांएवढंच दाखवलं. तिनेच सांगितलं होतं."

म्हातारीचा आवाज उतरला.

"मी भ्यायले होते रे. पेपर आला म्हणाले तेव्हा मी दाराला कडी घातली. शेजारची अनिता पेपर घेऊन आली, मागून चारपाच बायका. ओटीवर पसरला. सगळ्या वाकून वाकून बघायला लागल्या. आणि काय विचारलं माहितीये मला? यात तुमची कुठली, म्हणाल्या. सगळ्या सारख्याच दिसतात, तुमची कुठली?" म्हातारीला हुंदका आला. "मला बोट ठेवून दाखवावी लागली."